बिचारा प्रकाश

टीव्ही मी करमणुकीसाठी आणला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आंजी गावात यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आमच्या गल्लीचं ठाम मत असं की, वच्छलाबाईला मिरवायची हौस होती म्हणून तिनं नागपूरहून टीव्ही आणला, आणि त्या टीव्हीनं तिची नणंद बिघडवली. हे दुसरं जर खरं असतं, तर मी गल्लीत पेढे वाटले असते.

माझी नणंद नलू. तिचा नवरा चंद्रभान नागपूरच्या एका गिरणीत होता. तिथं त्यानं दुसरी बाई केली आणि नलूला ‘चार दिवस माहेरी राहून ये’ म्हणून आंजीच्या फाट्यावर उतरवून दिलं. ते चार दिवस काही संपले नाहीत. रडायचं तेवढं रडून झाल्यावर नलूनं पुस्तकं बाहेर काढली, डी.एड. केलं, आणि त्या दिवाळीच्या तोंडावर तळेगावला एका शाळेत तिचं काम झालं. तळेगाव म्हणजे श्यामजी पंताचं, आर्वीच्या पुढं. संक्रांत झाली की रुजू व्हायचं होतं. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं अंतर नाही, तिथंच खोली घेऊन राहावं लागणार होतं.

आणि इथंच गाडी अडली. माझे सासरे नत्थूजी, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, माणूस देवासारखा. सुनेला कधी ‘अगं’ म्हटलं नाही. पण नलूचं ऐकून त्यांनी एवढंच म्हटलं, “एकटी बाई परगावी राहीन? लोक काय म्हणतीन?” आणि पानाची चंची उघडली. मामाजींनी चंची उघडली की विषय बंद, हा आमच्या घरचा कायदा आहे. माझे यजमान रूपराव वर्ध्याला कचेरीत कारकून आहेत, पण या कायद्यापुढं त्यांचंही काही चालत नाही. चालावं अशी त्यांची इच्छाही नव्हती.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला मी नागपूरला भावाकडे गेले. रविवारी सकाळी त्याच्याकडे सगळे टीव्हीपुढं बसले होते. एक हिंदी मालिका नुकतीच सुरू झाली होती. तिच्यात एक सुजाता. तिचा नवरा प्रकाश तिला टाकून रीटा नावाच्या बाईकडे राहायला जातो. सुजाता रडते, मग डोळे पुसते, आणि शाळेत बाई म्हणून लागते. मी तर उठून उभीच राहिले. अहो, हुबेहूब आमची नलू! फक्त आमच्या नलूला एवढ्या साड्या नव्हत्या.

मी मनाशी म्हटलं, पोथीतल्या बाईचे हाल ऐकून ज्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, तो हे पाहून विरघळल्याशिवाय राहील का? मामाजींना चार रविवार ही सुजाता दाखवायची, बस. पाचव्या रविवारी तेच म्हणतील, ‘जाजो नलू तळेगावले.’ भावानं तेव्हाच रंगीत टीव्ही घेतला होता आणि जुना काळा-पांढरा पलंगाखाली सरकवला होता. ओवाळणीत मी तोच मागितला. भाऊ म्हणाला, “अवं, साडी घे ना.” मी म्हटलं, साडीनं माझं काम होत नाही.

टीव्ही एसटीनं आणला. नागपूर ते वर्धा माझ्या मांडीवर, वर्धा ते आंजी ह्यांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट घ्या. हे म्हणाले, मांडीवरच्या मुलाचं तिकीट नसतं. कंडक्टर म्हणाला, हे मूल पाच वर्षांच्या वरचं दिसते. सगळी गाडी हसली. ह्यांचा चेहरा पडला तो घरी येईपर्यंत वर आला नाही. नंतर जेव्हा जेव्हा आमचं भांडण झालं तेव्हा तेव्हा त्यांनी हे प्रकरण काढलं आहे.

आता अँटिना. आंजीत नागपूरचं चित्र पकडायचं म्हणजे पाईप उंच पाहिजे. आमच्या एका खोलीवर गच्ची आहे, तिथं पाईप तारेनं बांधला. बांधून खाली आलो, चित्र आलं, आणि वानरं आली. आमच्याकडे वानरांचे कळप पिकावरून गावात आणि गावातून पिकावर असे फिरत असतात. त्यातल्या एकानं पाईपवर झोका घेतला, की इकडे सुजाताच्या जागी नुसत्या मुंग्या. मग कोणीतरी वर जाऊन पाईप धरून उभं राहायचं. वरून ओरडायचं, “आलं का?” आणि खालून सगळ्यांनी ओरडायचं, “आलं, आलं! तसंच धरून ठेव!”

हे ‘कोणीतरी’ म्हणजे अर्थातच नलू. गल्लीतले पुरुष म्हणाले, आम्ही वर गेलो तर पाहणार कोण? बायका म्हणाल्या, आम्ही गच्चीवर चढलो तर दिसतं कसं ते! नलूच्या बाबतीत कसं दिसतं ते कोणालाच आठवलं नाही. जिच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला ती पहिले कितीतरी रविवार गच्चीवर पाईपाला मिठी मारून उन्हात उभी होती. सुजाता शाळेत शिकवते ते तिनं पाहिलंच नाही. मी तिला संध्याकाळी स्वयंपाक करता करता गोष्ट सांगायची.

आणि मी तरी कुठं धड पाहिली? गल्ली जमायची. खुर्च्यांवर पुरुष. सतरंजीवर त्यांची मुलं. आणि आम्ही बायका स्वयंपाकघराच्या दारात, एकीच्या खांद्यावरून दुसरी. मध्ये मध्ये चहा. माझ्या भावानं मला दिलेला टीव्ही मी उंबरठ्याच्या आतून, किराणा दुकानवाल्या बंडूजींच्या टकलाच्या वरून पाहत होते. सुजाताची हनुवटी तेव्हा मला कधी धड दिसली नाही.

पण बोलणी सगळी ऐकू यायची. तेवढं एक सुख, म्हणजे दुःख, मला पुरेपूर मिळालं. माझा हिशेब असा होता की गल्ली सुजाताची कीव करील, आणि ते ऐकून मामाजी बदलतील. गल्लीनं कीव केली. प्रकाशची केली.

प्रकाश दारू प्यायला, तर बंडूजी म्हणाले, “टेन्शन आहे ना बिचाऱ्याले.” सुजाता शाळेतल्या मास्तरसोबत कँटीनमध्ये चहा प्यायली, तर शेजारच्या देवकाबाईंनी कपाळावर हात मारला, “झालं! गेली आता हे.” प्रकाश महिनाभर घरी आला नाही, तर मर्द माणूस आहे, फिरणारच. सुजाता दिवेलागणीनंतर घरी आली, तर घरात दिवा कोण लावीन? प्रकाशनं चष्मा घातला तर तो हुशार दिसला. सुजातानं घातला तर बंडूजी म्हणाले, “बाईनं चष्मा लावला का समजून घ्यावं.” काय समजून घ्यावं ते त्यांनी सांगितलं नाही, पण सगळ्यांनी समजून घेतलं.

आणि रीटा? रीटा पडद्यावर आली की देवकाबाई कडाकडा बोटं मोडायच्या. “इनंच फसवलं त्याले. तो भोळा आहे माय.” मिशी असलेला, मोटार चालवणारा, कंपनीत मॅनेजर असलेला घोडा भोळा! आणि ती विशीतली पोरगी आईच्या पोटातून पक्की होऊन आलेली! मी एकदा दारातून म्हटलं, “मावशी, रीटानं काय त्याले दोरीनं बांधून नेलं होतं का?” तर सगळ्या बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रीटाची मावसबहीण आहे.

आमचे हे तर सगळ्यात पुढं. प्रकाश रीटाच्या घराच्या खिडकीत उभा राहून आपल्या लग्नाचा फोटो पाहतो, त्या प्रसंगाला ह्यांनी चक्क उपरण्यानं डोळे पुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या तिन्ही बाळंतपणांत मिळून ह्या माणसाच्या डोळ्यांत इतकं पाणी आलं नव्हतं. मी विचारलं, “काऊन हो, त्याच्यासाठी रडता?” तर म्हणाले, “तुले पुरुषाचं दुःख नाई समजत.” मग मी चहा ठेवायला आत गेले.

मामाजी मात्र काही बोलत नव्हते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून नुसते पाहायचे. मला तेवढीच आशा होती.

मधेच तळेगावच्या शाळेतून निरोप आला. तिथल्या बाबूचं म्हणणं, बाईचं लग्न झालेलं आहे, तेव्हा ‘बाहेरगावी राहायला माझी हरकत नाही’ अशी नवऱ्याची सही पाहिजे. मी ह्यांना म्हटलं, जो माणूस तिला फाट्यावर सोडून गेला, त्याची हरकत विचारायची? हे म्हणाले, “नियम आहे. बाईच्या नोकरीले नवऱ्याची सही लागते.” मी म्हटलं, “मग नवऱ्याच्या दुसऱ्या बाईले कोणाची सही लागते?” हे वर्ध्याच्या गाडीला उशीर होतो म्हणून निघून गेले. रविवार होता.

शेवटी नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर चंद्रभानला निरोप धाडला की, नलूला शाळेत नोकरी लागली आहे, एक सही करून दे. ओल्या मिरच्या वाळत घालून झाल्यावर हात डोळ्याला लावावा, तशी ही अक्कल आम्ही चालवली. ती किती झोंबणार आहे ते तेव्हा कळलं नाही.

तेवढ्यात संक्रांत आली. देवकाबाईंनी ठरवलं, यंदाचं हळदीकुंकू वच्छलाकडे, रविवारी सकाळी, म्हणजे मालिकाही होते आणि वाणही लुटता येते. सकाळी हळदीकुंकू कुठं करतात का, असं मी विचारलं. देवकाबाई म्हणाल्या, “आता सगळं बदललं माय.” बदललेलं त्यांना एवढंच चालत होतं.

पुरुषांना त्या दिवशी घराबाहेर काढलं, म्हणजे ओसरीवर. ते खिडकीतून पाहत होते. बायका पहिल्यांदाच खुर्च्यांवर बसल्या. नलू नेहमीप्रमाणं गच्चीवर. आणि नेमका त्याच रविवारी प्रकाश परत आला! दारात उभा, दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले. “मैं भटक गया था, सुजाता,” असं म्हणून त्यानं मान खाली घातली. आमच्या घरात असा हुंदका फुटला, की ओसरीवरचे पुरुष घाबरून आत डोकावले.

देवकाबाईंना राहवेना. त्या करंडा घेऊन उठल्या. म्हणाल्या, “पोरीचा नवरा आला घरी! आज तिले कुंकू लावल्याबिगर मी कोणाले नाई लावत.” आणि थेट टीव्हीपाशी गेल्या. सुजाताचा चेहरा पडदाभर होता. देवकाबाईंनी बोट भरून कुंकू घेतलं, नेम धरला, आणि बोट काचेला टेकलं तेव्हा सुजाता गेली आणि तिथं प्रकाश आला. कुंकू त्याच्या मिशीवर बसलं. दुसरं बोट लावलं तर तिथं दाराची कडी आली. मग नाद सोडला. पण कुंकू काचेवर राहिलंच. मालिका संपल्यावर दाढीच्या साबणाच्या जाहिरातीत एक माणूस आला, त्याच्या नाकाला कुंकू. मग शेतीचा कार्यक्रम लागला, त्यात एका म्हशीच्या कपाळाला अगदी नीट बसलं. सगळ्या हसून हसून लोळल्या. मीही हसले. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात नलू गच्चीवरून खाली आली. पाईप धरून धरून तिचे हात गंजानं तांबडे झाले होते. ते धुऊन, पदर सारखा करून ती बायकांच्या ओळीत येऊन बसली. देवकाबाई ओळीनं कुंकू लावत येत होत्या. नलूपाशी आल्या, थबकल्या, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, आणि करंडा घेऊन पुढच्या बाईकडे गेल्या.

मी म्हटलं, “मावशी, नलू राह्यली.”

देवकाबाई हळूच म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळूच, “तिचं सध्या राहू दे वो. तिचं काही नक्की नाई ना.”

म्हशीला कुंकू लागलं. दाढी करणाऱ्याला लागलं. मुंबईतल्या कुठल्याशा नटाच्या मिशीला लागलं. आमच्या नलूचं मात्र काही नक्की नव्हतं. मला इतका राग आला की माझ्या हातातलं वाणाचं भांडं खाली पडलं आणि त्याला पोचा आला. देवकाबाई म्हणाल्या, “सांभाळून वो, नवं आहे.”

सगळ्या गेल्यावर नलू ओलं फडकं घेऊन टीव्हीपाशी आली. “वहिनी, इचं कुंकू पुसू का?” म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही. तिनं काच स्वच्छ पुसली, फडकं पिळलं आणि वाळत टाकलं.

पुढच्या शनिवारी चंद्रभान आला. दाढी वाढलेली, कपडे चुरगळलेले, हातात नारळ आणि संत्र्यांची पिशवी. दारात उभा राहून मान खाली घालून म्हणाला, “मी भटकलो होतो, नलू.” नागपुरात घरोघरी टीव्ही आहे, हे मी विसरूनच गेले होते.

गल्ली धावली. कोणी पाणी आणलं, कोणी चादर. देवकाबाईंनी त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. बंडूजींनी दुकान उघडं टाकून येऊन त्याला मिठी मारली. चंद्रभानचं अंघोळीचं पाणी आमच्याकडे, दाढीचं सामान बंडूजींकडून, आणि रात्रीच्या जेवणाला देवकाबाईंकडे कोथिंबिरीची सांबारवडी. सांबारवडी! नलू माहेरी येऊन पडली तेव्हा ह्याच देवकाबाईंनी विचारलं होतं, “चार दिवस कायच्यासाठी आली म्हणे?” आणि पाचव्या दिवसापासून विचारायचं बंद करून बघायला सुरुवात केली होती.

मी ह्यांना आत बोलावून म्हटलं, “नोकरीचा निरोप गेल्यावरच हा काऊन भटकायचा थांबला?”

हे म्हणाले, “तुले सगळ्यात वाईटच दिसते.”

सहीचं विचारलं तर चंद्रभान म्हणाला, “सही कायले पायजे आता? मी आलो ना. आन् नोकरी करायचीच असन तं नागपुरात शाळा काय कमी आहेत? तेवढंच घर चालन.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकोला नोकरी करू देतो म्हणतो! केवढं मोठं मन!

तेवढ्यात देवकाबाई करंडा घेऊन नलूसमोर उभ्या. “ये माय, आता लावते तुले.”

नलू त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. “मावशी, ते कुंकू टीव्हीलेच लावा. मी घेईन पुसून.” आणि आत निघून गेली. देवकाबाईंना काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, आनंदानं डोकं फिरलं पोरीचं.

रविवारी मालिका झाली, नलूनंच पाईप धरला, आणि मग गल्ली उठायच्या ऐवजी बसूनच राहिली. नलूला खाली बोलावलं. तिनं काय करावं हे तिला समजावून सांगायचं होतं. चंद्रभान सगळ्यात पुढच्या खुर्चीवर, जवाई म्हणून. नलू भिंतीला टेकून. मी माझ्या उंबरठ्यात.

बंडूजींनी सुरुवात केली. “नलू, माणूस परत आला. मोठ्या मनाचा आहे.”

“कोण?” मी विचारलं.

“तो. परत यायले मोठं मन लागते, वच्छलाबाई.”

“आन् जी इथं राह्यली, तिले?”

“तिले कायचं मन? ते तं घरीच होती.”

मी म्हटलं, “बंडूजी, एक सांगा. समजा नलूच गेली असती कोणासोबत. आन् आज नारळ घेऊन परत आली असती. तुमी दुकान सोडून धावले असते?”

बंडूजी खाकरले आणि म्हणाले, “सणासुदीचे दिवस आहेत. असं अभद्र बोलू नाई.” ह्यांनी माझ्याकडे असे डोळे वटारले की मला उपरण्यानं पुसलेले तेच डोळे आठवले. देवकाबाईंनी तर माझ्या तोंडावर हात ठेवला.

तेव्हा कोपऱ्यातून मामाजी बोलले. इतक्या महिन्यांत टीव्हीसमोर ते पहिल्यांदा बोलले.

“जवाईबुवा, ते बाई कोठी आहे?”

“कोनती?”

“नागपूरवाली.”

चंद्रभानची छाती फुगली. “तिले सोडलं, मामाजी. कायमचं!”

“वा!” बंडूजी म्हणाले.

“तिचे मायबाप कोठी राह्यते?”

“मायबाप नाई तिले. गेली असन कोठी तरी. आपल्याले काय करायचं?”

मामाजींनी चंची उघडली. मला वाटलं, झालं, विषय बंद. पण त्यांनी पान काढलं नाही. चंचीची दोरी बोटाला गुंडाळत ते म्हणाले, “म्हणजे दोघींले सोडलं.”

बंडूजी हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला.

सोमवारी सकाळी मी चूल पेटवत होते, तर मामाजी नलूची ट्रंक स्वतः उचलून अंगणात आले. टोपी घातलेली, जोडे घातलेले. नलू मागं. चंद्रभान आतल्या खोलीत घोरत होता. मी काही विचारलं नाही, भाकरी बांधून दिली. दोघं फाट्यावर गेले आणि आर्वीच्या गाडीत बसले. मामाजी संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत आले.

“मामाजी, बाबूनं घेतलं का हो?”

“पहिले नाई म्हणे. नवऱ्याचीच सही पायजे म्हणे. मी म्हटलं, बापाची घे, नाई तं मी इथंच बसतो.”

“मग?”

“बसलो. त्याचा डबा खायचा टाइम झाला, तवा घेतली.” आणि त्यांनी चंची उघडली.

त्यानंतर आमची जी शोभा झाली, ती काय सांगू? हे माझ्याशी बोलेनासे झाले. रविवारीसुद्धा कचेरी आहे म्हणून वर्ध्याला जाऊ लागले. वडिलांना बोलायची सोय नव्हती, म्हणून नाक माझ्यामुळं कापलं गेलं होतं. देवकाबाईंनी ताकाची देवाणघेवाण बंद केली. नलू तिकडं शाळेत पोरींना पाढे शिकवत होती, आणि इकडे ती चष्मा लावते की नाही याची चौकशी चालली होती. गल्लीनं आमच्या टीव्हीवर बहिष्कार टाकला. तो त्यांना फार जड गेला. रविवारी सगळे बंडूजींच्या दुकानापाशी उभे राहायचे आणि मालिका संपली की चंद्रभानला विचारायचे, “काय झालं गा आज?”

हो, चंद्रभान. तो कुठं जातो? बायको टाकून गेली ना त्याची! बिचारा! आज या घरी जेवण, उद्या त्या घरी. ‘येत्या रविवारी नलू येईल, मी पायी पडून नेईन’ असं सांगत तो आमच्याच घरी मुक्काम ठोकून होता. जवायाला जा कसं म्हणायचं?

असे दोन-तीन रविवार गेले. नलू आली नाही. मग एका रविवारी मालिकेची वेळ झाली. चंद्रभान पुढच्या खुर्चीत पाय पसरून, मामाजी कोपऱ्यात, मी सवयीनं उंबरठ्यात. टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या. वानरं येऊन गेली होती.

चंद्रभान उसासा टाकून म्हणाला, “नलू असती तं वर गेली असती.”

मी उंबरठा ओलांडून बाहेर आले. म्हटलं, “खरं आहे, जवाईबुवा. आता तुमीच जा.”

“मी?”

“आज प्रकाशच्या लग्नाचा वाढदिवस आहे म्हणे.”

हे ऐकल्यावर त्याला बसवेना. तो गच्चीवर चढला. मी त्याच्या खुर्चीत बसले. माझ्या भावानं मला दिलेल्या टीव्हीसमोर, पहिल्यांदा, अगदी मधोमध. वर पाईप करकरला, आणि चित्र आलं. इतकं स्वच्छ चित्र त्या टीव्हीवर कधी आलं नव्हतं. सुजाताची हनुवटी दिसली. ती शाळेच्या हेडबाईंसमोर उभी होती, नोकरी सोडते म्हणून सांगत होती, आणि मागं दारात प्रकाश उभा राहून गोड हसत होता.

वरून आवाज आला, “आलं का?”

सुजाता हसत हसत शाळेच्या पायऱ्या उतरत होती. मी मामाजींकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते. त्यांनी चंची बाजूला ठेवली, मान वर केली आणि खणखणीत आवाजात ओरडले, “नाई आलं, जवाईबुवा! फिरवा!”

चित्र गेलं, मुंग्या आल्या. मग पुन्हा चित्र आलं.

“आता?”

“नाई! फिरवत राह्या!”

बाहेर ऊन चढत होतं. दुकानापाशी उभे असलेले बंडूजी, देवकाबाई, सगळे मान वर करून आमच्या गच्चीकडे पाहत होते. मामाजींनी सुपारी कातरली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. पडद्यावर सुजातानं मोटारीचं दार उघडलं आणि प्रकाशच्या शेजारी जाऊन बसली. सगळं अगदी लख्ख दिसत होतं.

“वहिनी,” वरून रडवेला आवाज आला, “आता तरी?”

“नाई हो,” मी सुपारी चघळत म्हटलं. “बिचाऱ्या प्रकाशचं तोंडच दिसून नाई राह्यलं.”